कापायचा केक वेगळा, वाढायचा केक वेगळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात नागपुरात सासऱ्यांची पंचाहत्तरी, रविवारी संध्याकाळी घरी चाळीसेक माणसं. सासूबाई अंडं खात नाहीत, म्हणून केक बिनअंड्याचा हवा आणि तो घरीच करायचा आहे. हाताशी २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन. सरावाचा अर्ध्या किलोचा केक मधोमध फुगला, तडकला आणि बाहेर काढल्यावर बसला. वरचं क्रीम पाहता पाहता ओघळलं. सासऱ्यांना शुगर आहे. आणि आता तीच रेसिपी सहापट करून तीन किलोचा एकच मोठा केक करू का, असं तुम्ही विचारताय.

नका करू. २८ लिटरच्या ओटीजीत दहा इंची साचा कसाबसा शिरतो, पण बाजूने गरम हवा फिरायला जागा उरत नाही. कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. शिवाय तीन किलोचा क्रीमचा केक मेमधल्या नागपुरात फ्रिजबाहेर काढला, तर चाळीस ताटल्यांत वाढून होईपर्यंत तो उभा राहणार नाही. मी अकोल्यात घरून केक करून देते, म्हणजे उन्हाच्या बाबतीत आपण शेजारीच. उन्हाळ्यात ऑर्डर घेताना मी प्रत्येकाला पहिली गोष्ट हीच सांगते: कापायचा केक वेगळा करा, वाढायचा वेगळा. कापायचा दीड किलोचा, क्रीमचा, नटवलेला. तो फोटो आणि कापण्यापुरता बाहेर येतो. वाढायचा साधा मावा केक, चौकोनी साच्यात भाजलेला, क्रीमचं बोटही न लागलेला. त्याचे तुकडे आधीच करून डब्यात भरून ठेवायचे. पाहुण्यांना यात काही कमी वाटत नाही. उलट वयस्कर मंडळी क्रीम काठाला सारतात आणि मावा केक मागून घेतात.

हिशेब सांगते. जेवणात आमरस-पुरी असेल तर माणशी ५० ते ६० ग्रॅम केक पुष्कळ झाला. दुकानदार किलोला दहा-बारा माणसं धरतात, पण तो हिशेब नुसता केक आणि वेफर्स असतील तेव्हाचा. आठ इंची चौकोनी साच्यातल्या मावा केकचे चार गुणिले चार असे १६ तुकडे पडतात, प्रत्येकी साधारण ५० ग्रॅमचे. असे दोन केक केले की ३२ तुकडे झाले. कापायच्या केकमधून आणखी वीसेक निघतील. शेजारी आणि पोरांचा दुसरा हात धरूनही उरेल.

आता तुमचा केक का बसला ते. तुम्ही लिहिलंय, ‘एक चमचा सोडा घातला, ओव्हन १८० वर, ३० मिनिटं.’ माझा पहिला संशय चमच्यावर आहे. रेसिपीतला टीस्पून ५ मिलीचा असतो आणि आपला पोहे खायचा चमचा त्याच्या जवळपास दुप्पट. एवढा सोडा अर्ध्या किलोच्या केकला फार झाला. केक भराभर वर येतो, पण आतली भिंत शिजून घट्ट होण्याआधीच हवा निसटते आणि मग मध्य खाली बसतो. खाताना जिभेला किंचित साबणासारखी चव लागली असेल तर खात्रीच समजा. वाटीचंही तेच. मापाचा कप २४० मिलीचा, आपल्या घरातली वाटी दीडशेचीही असते आणि दोनशेचीही. पाच मिलीच्या मापाचे चमचे आणि साधा डिजिटल काटा एवढं आणाच. नक्षीच्या नोझलांचा सेट नाही आणला तरी चालेल.

दुसरा संशय ओटीजीच्या बटणावर. बटण १८० दाखवतं तेव्हा आत २०० असू शकतं. जाळीवर ठेवायचा ओव्हन थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, तो ठेवून एकदा रिकामा ओटीजी तापवून बघा. केक मधोमध डोंगरासारखा वर येऊन तडकतो त्याचं कारण बहुतेक वेळा जास्त आच हेच असतं. कडा आधी शिजून घट्ट होतात, मधलं पीठ अजून पातळ असतं आणि त्याला वर जाण्यावाचून वाट नसते. म्हणून मोठा केक १६० वर, सावकाश. खालची आणि वरची दोन्ही कॉइल चालू ठेवा. कोकणात काकडीचं धोंडस करताना पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवतात, त्यातलंच हे तंत्र. साचा खालून दुसऱ्या खाचेत अशा बेताने ठेवा, की केक ओव्हनच्या बरोबर मध्यावर येईल. अर्ध्या तासानंतर वरून रंग जास्त येऊ लागला तर फॉइलचा तुकडा अलगद टाका. पहिली २५ मिनिटं दार उघडू नका, काच कशासाठी दिलीय! आणखी एक उपाय: जुन्या पंचाची लांब पट्टी पाण्यात भिजवून, थोडी पिळून साच्याभोवती गुंडाळा आणि पिनेने पक्की करा. कडांना आच उशिरा लागते, केक सपाट येतो. फक्त पट्टीचं टोक कॉइलला लागणार नाही एवढं बघा.

कापायच्या केकसाठी कंडेन्स्ड मिल्कचा स्पंज, म्हणजे क्रीमच्या आतला मऊ केक, धरा. दह्याचा स्पंज चवीला छान असतो, पण दही किती आंबट यावर त्याचं फुलणं ठरतं, आणि मेमध्ये दही तासातासाला आंबट होतं. समारंभाच्या केकला तो भरवसा नको. माप असं: ४०० ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, २८० ग्रॅम मैदा, १२० ग्रॅम वितळवलेलं बिनमिठाचं बटर, बेकिंग पावडर २ टीस्पून, खायचा सोडा १ टीस्पून सपाट, दूध १६० ते १७० मिली, त्यात एक टेबलस्पून व्हिनेगर आणि दोन टीस्पून व्हॅनिला. हे बरोबर आठ इंची गोल साच्याचं माप आहे. तुमच्याकडे सहा इंचीची रेसिपी असेल तर आठ इंचीला ती पावणेदोन पट लागते, कारण सहाचा वर्ग ३६ आणि आठचा ६४. साचा बदलताना हा वर्गाचाच हिशेब करा.

मैदा, पावडर आणि सोडा दोनदा चाळा. कंडेन्स्ड मिल्क आणि बटर एकत्र फेटा, मग मैदा आणि दूध आळीपाळीने घाला. मैदा पडल्यावर फेटणं बंद, फक्त कालवायचं. जास्त घोटलं की चिवट होतो, मग तो केक नाही, पाव. साच्याला तळाशी बटर पेपर लावा आणि दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. मिश्रण झालं की थेट तापलेल्या ओव्हनमध्ये. व्हिनेगर आणि सोडा भेटले की वायू तिथेच सुटू लागतो, मिश्रण थांबलं की तो वाया गेला. म्हणूनच दोन केक करायचे असतील तर दुप्पट कालवून अर्धं ओट्यावर ठेवू नका. दुसरं मिश्रण पहिला केक बाहेर आल्यावर कालवा. १६० वर ५० ते ६० मिनिटं लागतात. टूथपिक कोरडी निघाली, कडा साच्यापासून सुटल्या आणि वरून बोटाने दाबलं की पृष्ठभाग परत वर आला, अशी तिन्ही लक्षणं जुळली की झाला. दहा मिनिटांनी साच्यातून काढून जाळीवर गार करा, घट्ट गुंडाळा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. बिनअंड्याचा स्पंज ताजा कापला की भुगा होतो. दुसऱ्या दिवशी पावाच्या दातेरी सुरीने सरळ तीन थर निघतात.

मावा केक. हा मुंबई-पुण्याच्या इराणी-पारशी बेकऱ्यांचा, मूळचा अंड्याचा. बिनअंड्याचा तितका हलका होत नाही, पण खव्याची आणि वेलचीची चव त्याला सांभाळून नेते. एका आठ इंची चौकोनी साच्याला १५० ग्रॅम खवा, १०० ग्रॅम बटर, १६० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम ताजं दही, १२० मिली दूध, बेकिंग पावडर दीड टीस्पून, सोडा पाव टीस्पून आणि एक टीस्पून वेलचीपूड. खवा त्याच दिवशी आणा आणि वास घेऊन आणा. मेमध्ये दुकानाच्या काउंटरवर दुपारभर पडलेला खवा घेऊ नका. तो हाताने पूर्ण मोडून, बटर आणि साखरेबरोबर फिका होईपर्यंत फेटा. गुठळी राहिली तर भाजताना ती तळाशी जाऊन बसते.

इथे एक गोम आहे. रेसिपीत लिहिलेलं असतं की बटर ‘रूम टेंपरेचर’ला हवं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात २०-२१ अंशांची खोली असते. आपल्या स्वयंपाकघरात मेमध्ये बटर अर्ध्या तासात तेल होतं, आणि तेलात हवा धरली जात नाही, केक जड होतो. म्हणून फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटंच. बोट दाबलं की खळगा पडावा, पण बोट तेलकट होऊ नये. शक्य असेल तर हे काम पहाटे पाचला उरका, वीजही तेव्हा बरी असते. दुपारी व्होल्टेज पडलं की ओटीजी नीट तापत नाही, आणि लाईट गेली तर अर्धा भाजलेला केक परत फुलत नाही. वरून बदाम-पिस्त्याचे काप टाकून १६५ वर ४० ते ४५ मिनिटं. खारं पिवळं बटरच मिळालं तर चालेल, वरून मीठ घालू नका. तूप वापरायचं असेल तर १०० ऐवजी ८० ग्रॅम घ्या, कारण बटरमध्ये पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतंच.

क्रीमचा निर्णय चवीवर करायचा की टिकण्यावर, हे आधी ठरवा. दुधाच्या क्रीमची चव निर्विवाद चांगली, पण फेटायचं तर किमान ३० टक्के स्निग्धांश हवा. २५ टक्क्यांचं, भाज्यांत आणि फ्रूट सॅलडमध्ये घालतात ते पाकीट कितीही फेटलं तरी नीट उभं राहत नाही. तुमचं क्रीम तेच होतं का ते पाकीट उलटून बघा. मेमध्ये मी वनस्पती-स्निग्धाचं, आधीच गोड असलेलं व्हिप क्रीम वापरते. टाळूला थोडं चिकटतं, हे मान्य. पण दुधाच्या क्रीमपेक्षा उष्णता जास्त सोसतं. गोठवलेलं पाकीट आदल्या रात्री फ्रिजर सोडून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बाहेर ओट्यावर वितळवू नका आणि एकदा वितळलं की पुन्हा गोठवू नका. फेटताना त्यात थोडे बर्फाचे कण असले तर उत्तमच. भांडं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रिजरमध्ये ठेवा, भांड्याखाली बर्फाची परात. आठ इंची केकला आतबाहेर मिळून ४५० ते ५०० ग्रॅम पुरतं. साखर घालू नका, ते मुळातच गोड असतं.

आत आंबा घाला. मे महिन्यात चॉकलेट कशाला? बाजारात बैगनफल्ली असेल, हापूसही असेल. पिकलेल्या आंब्याच्या फोडी न शिजवता क्रीममध्ये घातल्या की पाणी सोडतात आणि थर घसरतात. त्यापेक्षा ३०० ग्रॅम रस मंद आचेवर २०० ग्रॅमपर्यंत आटवा. एक टीस्पून लिंबाचा रस आणि थोड्या पाण्यात कालवलेलं एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर घालून एक उकळी आणा आणि पूर्ण गार करा. प्रत्येक थराच्या कडेने क्रीमचा बांध घाला आणि मध्ये आंबा भरा, म्हणजे तो बाहेर डोकावत नाही. साखरपाणी या स्पंजला फार लागत नाही, कंडेन्स्ड मिल्कमुळे तो ओलसर असतोच. ब्रशने एक हात पुरे.

सासूबाई अंडं खात नाहीत, म्हणून सजावटीकडेही लक्ष द्या. तयार फॉन्डंट, मार्शमेलो, चकचकीत ग्लेझ, जेली यांत जिलेटिन असू शकतं आणि ते प्राण्यांपासून येतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच घ्या. आपल्या लेबलच्या नियमात अंडं मांसाहारात मोडतं, त्यामुळे हिरवा ठिपका असेल तर अंड्याचाही प्रश्न मिटतो. घट्टपणा हवाच असेल तर चायना ग्रास आहे, तो पाण्यात उकळून पूर्ण विरघळवावा लागतो एवढंच. ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेली सोनेरी भुकटी म्हणजे खायची भुकटी नव्हे, ‘खाद्य’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. आणि अंगणातली कण्हेर केकवर कधीच नको, ती विषारी असते. मी तुमच्या जागी असते तर वर आंब्याचे पातळ काप, पिस्ता आणि ‘७५’ एवढ्यावर थांबले असते.

वेळेचं गणित रविवारवरून मागे मोजा. शुक्रवारी रात्री स्पंज. शनिवारी पहाटे दोन्ही मावा केक, गार झाल्यावर डबाबंद करून फ्रिजमध्ये. शनिवारी संध्याकाळी आंबा, क्रीम, थर आणि बाहेरचं पहिलं पातळ लिंपण. रविवारी सकाळी शेवटचा हात. आंब्याचे काप मात्र संध्याकाळी ऐनवेळी. फ्रिजमध्ये एक आख्खा कप्पा त्याच्यासाठी आधीच रिकामा करा आणि वरची जाळी काढून केकचा खोका उंचीत बसतो का ते आजच मोजा. समारंभाच्या दिवशी श्रीखंड, दूध, आमरसाची भांडी आत येतात आणि केकला जागा उरत नाही. मग तो उघडा, ठेच्याच्या डब्याशेजारी बसतो आणि क्रीमला लसणाचा वास लागतो. मावा केक वाढण्याआधी दोन तास बाहेर काढा. थंड बटरमुळे तो दगडासारखा लागतो, खोलीत आला की मऊ पडतो.

कापताना गच्चीवर नेऊ नका. संध्याकाळी सातलाही गच्चीची फरशी तापलेलीच असते. कापणं हॉलमध्ये, जेवणं गच्चीवर. एसी असेल त्या खोलीत कापा. कूलर असेल तर त्याच्या झोतात ठेवू नका. ती हवा दमट असते, फ्रिजमधून आलेल्या गार केकवर घाम धरतो आणि रंग ओघळतात.

औक्षणाचं तर मी मुद्दाम सांगते, कारण पंचाहत्तरीला घरोघरी ७५ दिव्यांचं औक्षण असतं. दिवे विझू नयेत म्हणून पंखे बंद होतात, सगळे भोवती गोळा होतात, आत्या, काकू, सुना एकेक करून ओवाळतात. या सगळ्या वेळात केक टेबलावर बसलेला असला की संपलाच. आधी औक्षण, मग पंखे-एसी सुरू, मग केक फ्रिजमधून. औक्षणाचं तबक केकपासून दूर ठेवा. पोरं फेस उडवायचे स्प्रे आणतात, ते त्या दिवशी घरातच येऊ देऊ नका. त्यातला वायू पेट घेतो आणि इथे तर ७५ ज्योती असणार. केकवर ठिणग्या उडवणारी मेणबत्तीही नको, तिची राख क्रीमवर पडते. आकड्याच्या दोन साध्या मेणबत्त्या बास.

सासऱ्यांच्या शुगरबद्दल. ‘गूळ घालून केला की चालतो’ असं कुणी सांगितलं असेल तर ऐकू नका. गुळानेही साखर वाढते, आणि मैदा आहे तो आहेच. गव्हाच्या कणकेचा केला तरी फरक थोडाच. साखर काढून गोडीच्या गोळ्यांची पूड घातली तर केक कोरडा आणि बुटका होतो, कारण साखर नुसती गोडी देत नाही, ओल धरून ठेवते आणि पोतही तीच राखते. त्यांनी किती खायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. ती परवानगी असेल तर मावा केकचा अर्धा तुकडा द्या, आमरस त्या दिवशी बाजूला. त्यांच्यासाठी वेगळा बेचव केक करून सगळ्यांसमोर तो एकट्याने खायला लावणं मला तरी बरं वाटत नाही.

उरलं तर मावा केक फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगला राहतो, बाहेर या उन्हात एक दिवसही ठेवू नका. क्रीमचा कापलेला केक त्याच रात्री फ्रिजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. तासभर बाहेर राहिलेला तुकडा पाहुण्यांच्या हाती डब्यात देऊ नका, त्यांना मावा केक बांधून द्या. आणि हे सगळं पहिल्यांदा त्याच आठवड्यात करू नका. आधीच्या रविवारी निम्म्या मापाचा स्पंज सहा इंची साच्यात भाजून बघा. थर्मामीटर ठेवलेला असेल तर ओटीजीचं बटण नेमकं किती अंशांनी खोटं बोलतं ते तेव्हाच कळेल, तो आकडा दारावर चिकटवून ठेवा.